हे जेवण कशाचं?

गिरजाला ओळखायचं असेल तर आमच्या रविवारच्या बाजारात या. मासोळीच्या ओळीत सगळ्यात मोठा आवाज असेल तो तिचा. गिऱ्हाइकानं मरळीचे कल्ले उचलून "ताजी आहे का?" असं विचारलं की ती म्हणते, "तुमच्या तोंडापेक्षा ताजी हाय. घ्याची असन त घ्या." एवढं ऐकूनही लोक तिच्याकडेच घेतात, कारण कालची मासोळी तिनं आज कधी विकली नाही. उरली तर घरी रांधते आणि शेजारणींना बळंच खाऊ घालते.

मी धुरपता. मोहतळ्याच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं सेविका होते, गेल्या वर्षी सुटले. गावातली निम्मी माणसं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झालीत, त्यामुळे मी कोणालाही फाडकन बोलते आणि कोणी मनावर घेत नाही. गिरजाची गोष्ट मात्र गावानं मनावर घ्यावी म्हणून लिहिते आहे. तिच्यात मी काही फार चांगली दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मोहतळा चिमूरच्या रस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे. गावापेक्षा आमचं तळं मोठं, मालगुजारांच्या काळातलं. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बंधाऱ्यावर, मोहाची झाडं, पलीकडे जंगल, अलीकडे आमचा, मासेमार ढिवरांचा, मोहल्ला. तळं ठेक्यानं मिळालेलं आमच्या मासेमार संस्थेला. संस्थेचा सभासद असेल त्यालाच जाळं टाकता येतं. कोणत्या दिवशी कोणाचं जाळं पडणार, सरकारी योजनेतली नवी जाळी कोणाला मिळणार, होडीसारखा डोंगा कोणाला, हे सगळं अध्यक्ष ठरवतो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये अशी म्हण आहे. ती ज्यानं केली त्यानं जन्मात मासे धरले नसावेत. माशाशी तर आमचं रोजचंच वैर. आम्ही भ्यायचो ते अध्यक्षाला.

अध्यक्ष होते घनश्यामभाऊ, वीस वर्षं तेच. वाईट माणूस दिसायलाही वाईट असता तर आम्हां बायांची केवढी सोय झाली असती! पण घनश्यामभाऊ तसे नव्हते. बाळंतपणाला बाई अडली की त्यांची पांढरी गाडी दारात उभी. माझ्या सासूला झटका आला तेव्हा त्यांनीच तिला चंद्रपूरला नेलं आणि दोन दिवस तिथं बाकावर बसून राहिले. घरकुलाचे कागद, पोरांचे दाखले, मयताची लाकडं, सगळ्यात ते पुढे. त्यांच्या उपकारात नाही असं एक घर मोहल्ल्यात नव्हतं, आणि ते उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत. बोलायची गरजच पडत नसे.

गिरजा वैनगंगेच्या काठची, वडशाकडची. लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचं, प्रफुलचं, जाळं तळ्यातल्या बुडालेल्या खुंटाला अडकलं. चार माणसं काठावरून ओढाताण करत होती आणि जाळं फाटायला आलं होतं. हिनं साडी खोचली, पोहत गेली, बुडी मारली आणि जाळं सोडवून आणलं. आमच्याकडच्या बाया गुडघाभर पाण्यात हातजाळ्यानं झिंगे धरतात, खोल पाण्यात उतरत नाहीत. सासूनं कपाळाला हात लावला. पण तेव्हापासून कोणाचंही जाळं अडकलं की निरोप यायचा, "गिरजाले बलावा." ती यायची, हसत बुडी मारायची, आणि सुटलेल्या जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा हक्कानं घेऊन जायची.

ती सव्वीस वर्षांची होती तेव्हा संस्थेत नवी जाळी आली. प्रफुल तापानं फणफणला होता, म्हणून सही करून जाळं आणायला ती गोदामात गेली. भर दुपार होती आणि गोदामात घनश्यामभाऊ एकटेच होते. तिथं त्यांनी तिच्यावर जी जबरदस्ती केली ती मी इथं लिहिणार नाही. गिरजानं ती जिथं सांगायची तिथं सांगितली आहे आणि तिथं ती कागदावर आहे. वाचणाऱ्याला तेवढं पुरे व्हावं.

प्रफुलला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला. पुढं त्यानं कच खाल्ली, पण ही पहिली गोष्ट त्याच्या नावावर लिहायलाच हवी. दुसऱ्या दिवशी दोघं लटारूभाऊंकडे गेले. लटारूभाऊ आमच्या समाजाचे जुने पंच. त्यांनी बैठक बोलावली. गिरजाला चौदा प्रश्न विचारले गेले. मी मागे बसून मोजले. "एकटी काऊन गेली? दुपारीच काऊन गेली? वरडली काऊन नाई? वरडली असन त कोनाले आयकू काऊन नाई आलं?" तिनं चौदाही प्रश्नांची उत्तरं दिली. मग घनश्यामभाऊंना एकच प्रश्न विचारला गेला.

"मंग जेवन कोन्या दिवशी ठेवता, भाऊ?"

हे जेवण म्हणजे आमच्या मोहल्ल्याची रीत. भांडण झालं की बैठक बसते, आणि चूक ज्याची त्यानं समाजाला जेवण द्यायचं. पंचानं पंगतीसमोर उभं राहून जेवण कशाचं ते सांगायचं, मग दोन्ही बाजूंनी घास घ्यायचा. घास पोटात गेला की भांडण संपलं. नंतर कोणी ते उकरून काढलं तर दोष उकरणाऱ्याचा. रीत काही वाईट नाही. बांधावरून कुऱ्हाडी काढलेले सख्खे भाऊ एका पंगतीत बसून रडलेले मी पाहिलेत. पण रीत घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बांध होता, गोदामातली बाई नव्हती.

रविवारी मटण-भात झाला. आधी माणसांची पंगत, मग बायांची, अशी आमच्याकडची पद्धत. बाया अजून घरून यायच्या होत्या. मी स्वयंपाकाला होते, म्हणून भाताची बादली घेऊन तिथंच उभी होते. लटारूभाऊ उठले आणि म्हणाले, "औंदा तळ्यात मासोळी चांगली झाली. त्या खुशीत घनश्यामभाऊचं हे जेवन हाय. घ्या, सुरू करा." गोदामाचं नाव नाही, गिरजाचं नाव नाही. प्रफुलचा ताप परत चढला होता, तो पंगतीला आलाच नव्हता. मी ऐकलं, मला सगळं समजलं, आणि मी भात वाढत राहिले.

मग बाया आल्या. त्यांच्या पंगतीला कोणी काही सांगायला उठलं नाही. गिरजा पत्रावळीसमोर बसली होती. चार दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जेव वो बाई." ती जेवली.

महिनाभरानं घनश्यामभाऊंचा तिला पुन्हा निरोप आला: गोदामात कागदावर सही राहिली आहे, येऊन जा. गोदामाकडे न जाता ती एसटीनं तालुक्याच्या ठाण्यात गेली, एकटी. तिथल्या हवालदारानं तिचं ऐकून घेतलं आणि गावात फोन लावला. लटारूभाऊ फोनवर म्हणाले, "मिटलं ना साहेब. जेवन झालं. तीबी जेवली." हवालदारानं फोन ठेवला आणि तिला पाणी दिलं. तक्रार काही लिहिली नाही.

त्यानंतर अकरा वर्षं गावात तिच्या बोलण्याला एकच उत्तर होतं, "जेवली ना?" ती काही बोलली की जेवली ना. रडली तरी जेवली ना. प्रफुलही एकदा चिडून म्हणाला, "आता इसर. जेवली ना तू?" त्याच्या जाळ्याची पाळी महिन्यातून दोनदा यायची आणि ती अध्यक्षाच्या हातात होती. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही, कारण माझ्या हातात कोणतंही जाळं नव्हतं आणि तरीही मी गप्पच होते.

गिरजानं गोदामाची वाट सोडली आणि जाळी काढायला पाण्यात उतरणंही सोडलं. कोणाचं जाळं अडकलं तर आता ते फाटूनच यायचं. ती बाजारात बसू लागली आणि तिचा आवाज चढत गेला. लोक म्हणायचे, गिरजा भांडकुदळ झाली. भांडकुदळ बाईच्या वाटेला कोणी जात नाही, एवढं शहाणपण तिनं कमावलं होतं. नव्या सुना आल्या की सासवा त्यांना हळूच तिची गोष्ट सांगायच्या, आणि प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य एकच असायचं: गोदामात एकटीनं जाऊ नको. घनश्यामभाऊंनी काय करू नये, हे कोणतीच सासू सांगत नसे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी गिरजाच्या ओसरीवर बसून झिंगे निवडत होते. तेवढ्यात करिष्मा आली. बी.कॉम. झालेली, बावीस वर्षांची पोरगी. संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवायची. तिचे वडील घनश्यामभाऊंच्या पांढऱ्या गाडीवर ड्रायव्हर होते. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि एका दमात बोलली. काल घनश्यामभाऊंनी ऑफिसचं दार आतून लावलं. तिला भिंतीशी दाबलं. तिनं टेबलावरचं कागद टोचायचं मशीन त्यांच्या हातावर हाणलं, कडी काढली आणि चपला तिथंच टाकून पळाली.

"घरी सांगतलं?" गिरजानं विचारलं.

"सांगतलं. बाबा म्हन्ते, बोंबलू नको, माई नौकरी जाईन. लटारूभाऊ बैठक घेतीन, जेवन होईन, मिटन." मग पोरीनं सरळ गिरजाच्या तोंडाकडे पाहिलं. "मावशी, एक विचारू? तू तवा जेवली काऊन?"

अकरा वर्षांत हा प्रश्न गावात कोणी विचारला नव्हता. "जेवली ना" सगळे म्हणाले, मीही म्हणाले असेन. पण का, ते विचारायला ही कालची पोरगी यावी लागली. मला लाज वाटली आणि पोरीचा रागही आला, खरं सांगते.

गिरजा झिंगे निवडता निवडता म्हणाली, "अवं, चूक ज्याची, तो जेवन देते ना? त्यानं देल्लं. मले वाटलं, यानं साऱ्याइसमोर कबूल केलं. पंचानं पंगतीत सांगतलं असन, म्हनूनच लोक चुपचाप बसून हायत. म्हनून मी पोटभर जेवली. भात मांगून घेतला. मले वाटलं, मी जिकली."

तिला वाटलं होतं, ती जिंकली. आणि पलीकडच्या पंगतीत बसलेल्या गावाला वाटलं होतं, तिनं माघार घेतली. एकाच हंड्यातलं जेवण होतं ते. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी तिला सांगून टाकलं की पंचानं काय म्हटलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि ऐकूनही मी तिला जेव म्हटलं होतं.

खाली पडलेले झिंगे गिरजानं एकेक करून वेचले. मग म्हणाली, "धुरपताबाई, तुमी आता घरी जा." मी गेले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्या दारात आली.

"रविवारी जेवन हाय बाई. बैठकबी नाई घेतली यावेळी, डायरेक जेवन. तुमाले भात वाढाले बलावतीन. या तुमी. नाई म्हनू नका."

मी विचारलं, काय करणार आहेस? ती म्हणाली, "जेवाले जाऊन राह्यलो. दुसरं काय?" तिच्याजवळ करिष्मा उभी होती, आणि तिच्या पायांत गिरजाच्या जुन्या चपला होत्या.

रविवारी संस्थेच्या शेडमध्ये माणसांची पंगत बसली. पत्रावळी मांडल्या गेल्या, मीठ वाढलं गेलं. घनश्यामभाऊ स्वतः हातात चटणी घेऊन फिरत होते; डाव्या मनगटावर पट्टी होती. तेवढ्यात गिरजा आली. बाजारात जाताना नेसते तीच साडी. तिनं करिष्माचा हात धरला होता. दोघी सरळ आल्या आणि माणसांच्या पंगतीत, लटारूभाऊंच्या समोर, मांडी घालून बसल्या.

"गिरजा, बायाइची पंगत मांगून हाय," कोणीतरी म्हणालं.

"मांगच्या वक्ती मांगून बसली होती. आता इथीच बसतो. धुरपताबाई, वाढा."

मी दोघींच्या पत्रावळीवर भात वाढला. सगळी पंगत लटारूभाऊंकडे पाहत होती. ते खाकरले आणि घास उचलणार, तेवढ्यात गिरजा म्हणाली, "भाऊ, हे जेवन कशाचं हाय? सांगा, मंग घास घेतो."

हा प्रश्न विचारायचा हक्क पंगतीतल्या प्रत्येकाला आहे. आमच्या रीतीतच तो आहे. इतकी वर्षं कोणी तो वापरला नव्हता, एवढंच. लटारूभाऊंनी घनश्यामभाऊंकडे पाहिलं. घनश्यामभाऊ हसले. "मासोळी झाली बाई तळ्यात, त्याचं जेवन हाय."

"मासोळी?" गिरजा म्हणाली. "औंदा त तळ्यात मासोळी निम्मीबी नाई झाली. मी बाजारात बसतो, वरोऱ्याहून आनलेली मासोळी इकतो. कोनती मासोळी झाली, दाखवा बरं."

पंगतीत दोघंतिघं फिस्सकन हसले. ते हसणं मला अजून आठवतं. घनश्यामभाऊंसमोर कोणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. "समाजाच्या एकीचं जेवन समज मंग," ते म्हणाले. "उगं फाटे फोडू नको."

"एकी कोनी मोडली? नाव सांगा. चूक ज्याची, तो जेवन देते. तुमी जेवन देऊन राह्यले, त चूक सांगा तुमची."

मग गिरजानं स्वतःच सांगितलं. आवाज बाजारातला, पण शब्द मोजकेच: अकरा वर्षांआधी गोदामात माझ्यावर यानं जबरदस्ती केली, आणि गेल्या सोमवारी ऑफिसात या पोरीवर करायला गेला. दोन वाक्यं. करिष्मा म्हणाली, "खरं हाय." एवढंच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

लटारूभाऊ ओरडले, "गिरजा! तुवं मिटलं होतं. तू जेवली होती!"

मी भाताची बादली खाली ठेवली. माझं वय, माझी एकतीस वर्षांची खिचडी, सगळं गोळा करून म्हणाले, "भाऊ, ती आली त्याच्या आधीच तुमी मासोळीचं जेवन म्हनून सांगतलं. मी इथीच उभी होती. तिले कोनी काई सांगतलं नाई. मीबी नाई सांगतलं. ते जेवन खोटं होतं." सासूला चंद्रपूरला नेणारी पांढरी गाडी शेडच्या बाहेर उभी होती. ती माझ्या नजरेसमोर होती आणि तरी मी बोलले. सासू वाचली त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पण ते देणं गिरजाच्या अंगावरून फेडायचं नव्हतं, हे समजायला मला अकरा वर्षं लागली.

गिरजा उठली, तिच्यामागे करिष्मा उठली. मग प्रफुल उठला. तो पंगतीच्या शेवटी खाली मान घालून बसला होता. त्यानं पत्रावळीला हात लावला नाही. बायकोच्या मागे चालू लागला. आणखी वीसेक माणसं उठली असतील. उरलेली अर्धी पंगत जेवली. मटण होतं, खोटं कशाला बोलू.

पुढचे दिवस काही सोपे नव्हते. चौथ्या दिवशी प्रफुलच्या जाळ्याची पाळी बंद झाली. तो ब्रह्मपुरीकडे धानाच्या गिरणीत हमाली करू लागला. करिष्माच्या वडिलांनी पोरीशी बोलणं टाकलं. माझ्या दारावर कोणी रात्रीतून शेण फेकलं. मी सकाळी त्याच शेणानं अंगण सारवलं. बाजारात एक जण म्हणाला की गिरजाला निवडणूक लढवायची आहे. दुसरा म्हणाला, तिला कोणी शिकवून पाठवलं. एका बाईला फक्त खरं सांगायचं असेल, असं कोणालाच सुचलं नाही.

ठाण्यात आम्ही नऊ बाया गेलो. पहिल्या दिवशी साहेब बाहेर आहेत म्हणून वापस पाठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही शिदोरी बांधूनच गेलो आणि पायरीवर बसलो. दुपारी एका तरुण फौजदारबाईनं आत बोलावलं. तिनं दोघींचं सगळं ऐकलं, न टोकता. शेवटी गिरजाला विचारलं, "अकरा वर्षं थांबलात का?"

"थांबली नाई मॅडम," गिरजा म्हणाली. "मी तवाच आली होती. याच ठान्यात. पानी पाजून वापस पाठवलं मले."

फौजदारबाईनं पेन खाली ठेवलं, परत उचललं आणि तेही लिहून घेतलं. वाचून दाखवा म्हटल्यावर सगळं वाचून दाखवलं. गिरजानं एका ठिकाणी हाताचा उजवा-डावा बदलायला लावला, तोही तिनं बदलला.

घनश्यामभाऊंना अटक झाली आणि जामीनही झाला. कोर्टाच्या तारखा पडताहेत, अजून पडतील. गिरजा प्रत्येक तारखेला जाते. पण मे महिन्यात त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं आणि संस्थेची नवी कमिटी झाली. करिष्मा ऑफिसात परत गेली. आता दाराला आतली कडीच नाही, तिनं ती स्क्रू काढून ठेवली. तिच्या वडिलांनी एका सकाळी पांढऱ्या गाडीची किल्ली घनश्यामभाऊंच्या ओट्यावर ठेवली आणि घरी येऊन पोरीला म्हणाले, "चाय कर वो." एवढीच माफी. पोरीनं चहा केला.

जूनमध्ये प्रफुलची पाळी परत मिळाली. पहिल्याच दिवशी जाळं अडकलं. तो काठावर उभा राहून ओढत होता, तेवढ्यात पाळीवरून आवाज आला, "ओढू नोको, फाटन!" गिरजा साडी खोचत उतरली. चाळिशीला आलेली बाई, अकरा वर्षांनी पाण्यात. मला वाटलं बुडते आता. ती वर आली तेव्हा तिच्या तोंडात चिखल होता आणि ती हसत होती. मी मात्र पाळीवर बसून हमसून रडले. आनंदानंच, पण नुसत्या आनंदानं नाही.

मोहल्ल्यात एक नवीन खोड लागली आहे. कोणाकडेही जेवण असो, बारसं असो की वास्तू, बाया पत्रावळीवर बसल्या की एकजण तरी विचारतेच, "हे जेवन कशाचं वो?" घरचं माणूस सांगतं आणि मग सगळ्या हात लावतात. लटारूभाऊंच्या म्हातारीनं तर हद्द केली. रोजचं ताट त्यांच्यासमोर ठेवून ती विचारायची, "सांगा, हे जेवन कशाचं?" माणूस किती दिवस उपाशी राहील!

जुलैत एका रविवारी लटारूभाऊ बाजारात गिरजाच्या घमेल्यापाशी आले. वाकून, हळू आवाजात म्हणाले, "गिरजा, चुकलं माय माझं."

गिरजा मरळीचे खवले काढत होती. मान वर न करता म्हणाली, "इथी नाई, भाऊ. माया कानात सांगून काय फायदा? मले त मालूमच हाय. पंधरा ऑगस्टले ग्रामसभा हाय. तिथी बोला, माइकवर."

ते तसेच निघून गेले. मी तिला म्हटलं, म्हातारा माणूस, ऐंशीचा, घ्यायची होतीस माफी. ती म्हणाली, "तुमाले लवकर दया येते बाई. म्हनूनच त तुमी भात वाढत राह्यल्या." खरंच होतं ते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. नळाचं झालं, रस्त्याचं झालं. मग लटारूभाऊ काठी टेकत उठले. सचिवानं माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"समाजात एका बाईवर अन्याय झाला होता," ते म्हणाले. "तो मिटवाचा नोयता. मिटवला. चूक झाली."

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चला, म्हाताऱ्यानं म्हटलं. एकानं टाळ्याही वाजवायला घेतल्या. गिरजा बायांमधून उठून उभी राहिली.

"कोन्या बाईवर, भाऊ?"

"प्रफुलच्या घरच्या."

"मले नाव हाय."

माइकमधून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. "गिरजावर," ते म्हणाले.

"कोनी केला?"

सचिवानं हात बदलला. घनश्यामभाऊंचे दोन भाऊ पुढच्याच खुर्च्यांवर बसले होते, त्यांच्याकडे लटारूभाऊंनी एकदा पाहिलं. मग माइक स्वतःच्या हातात घेतला.

"घनश्यामनं," ते म्हणाले. "अन् मंग मी."

गिरजा खाली बसली. करिष्मानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि सचिवानं वहीत ते वाक्य लिहून होईपर्यंत पटांगणातलं कोणी उठलं नाही.